भरदुपारची दवंडी

"आला वाटते," म्हणत बापूरावांनी फोन खाटेवर पालथा टाकला आणि वर उशी ठेवून दिली.

"कोन आलं?" सीताबाईंनी चुलीपासूनच विचारलं.

"कोनी नाई. थो निकिताचा भाग आला. माहा."

"मंग लावा ना. मलेबी आयकू द्या."

"आंधी चाय दे."

शुक्रवार होता. सकाळचे सव्वासहा झाले होते. 'आयकून घ्या' या आपल्या पॉडकास्टचा नवा भाग दर शुक्रवारी सकाळी सहाला येतो असं निकिताने सांगितलं होतं आणि पोरगी शब्दाची पक्की निघाली. बापूरावांना रात्रभर आशा होती की काही तरी मोडेल, वीज जाईल, कॉम्प्युटर बिघडेल. काही बिघडलं नाही. एक तास बावन्न मिनिटांचा भाग, वर डफडं घेतलेला त्यांचा फोटो, आणि एक तास एकतिसाव्या मिनिटाला त्यांच्याच तोंडून निघालेली ती गोष्ट. आता ती रिसोडपासून अमेरिकेपर्यंत कुणालाही ऐकता येणार होती. अमेरिकेची त्यांना फिकीर नव्हती. गावाची होती, आणि गावातही खरं म्हणजे एकाच बाईची.

केनवडच्या पुढे आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या ग्रामपंचायतीत बापूराव चौतीस वर्षं शिपाई होते. कचेरी आणि शेजारच्या शाळेचा ओटा झाडायचा, नळाचा व्हॉल्व्ह सोडायचा, नोटीस डकवायची आणि दवंडी द्यायची. पहिली तीन कामं कुणीही केली असती असं ते स्वतःच म्हणत. दवंडीची गोष्ट मात्र वेगळी. आवाज असा की मारुतीजवळ बोलले तर नाल्यापलीकडची म्हैस मान वर करायची. त्यांचे नियमही ठरलेले होते. कुत्रं भुंकत असेल तर ते थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आधी दिवस सांगायचा, मग काम, आणि शेवटी पुन्हा दिवस, कारण माणूस अर्धवट ऐकतो आणि भलत्या दिवशी येतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता ग्रामपंचायतीचे निरोप फोनवरच्या ग्रुपात येतात. डफडं खुंटीला आहे आणि सीताबाई दिवाळीला ते पुसून ठेवतात.

निकिता रिसोडची. अमरावतीला पत्रकारिता शिकून आली आणि नोकरी शोधायची सोडून बी-बियाण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत गोधड्या टांगून बसली. गोधड्यांनी आवाज घुमत नाही म्हणे. तिथे ती माणसं बोलावते आणि निवडणुका, टीव्हीवरची भांडणं, कोणती बातमी कुणी फुगवली नि कुणी दाबली, यावर त्यांना बोलतं करते. 'बातमी गावात येते कशी' असा एक भाग तिला करायचा होता. कुणीतरी तिला बापूरावांचं नाव सांगितलं आणि बापूराव इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले.

पहिल्याच वाक्याला निकिताने कानावरचे हेडफोन उपटून काढले. मग माईक एक हात मागे गेला, मग दोन हात, शेवटी तो खिडकीत जाऊन बसला आणि बापूराव खोलीच्या मधोमध एकटेच खुर्चीवर राहिले. पण रंगले. दीड तास पेपर, रेडिओ, फोन, पुढारी, सगळं झालं. तेव्हा तिने विचारलं, "काका, आता लोकं म्हनतात का खऱ्या बातम्या दाबतात. तुमच्या टायमाले दाबत होते का?"

"दाबाची गरज काय पडते पोरी? दाबली का लोकं इचारतात. बातमी सांगून टाकाची. फक्त कोनी नसलं तवा सांगाची."

निकिता काही बोलली नाही. त्या पोरीची ही सवयच, समोरचा थांबला की तीही थांबते. आणि शांतता म्हटलं की बापूरावांना राहवत नाही. चौतीस वर्षं ती मोडायचाच तर त्यांना पगार मिळत होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीनच्या सोंगणीचे, कापणीचे दिवस होते. घरकुलाच्या यादीसाठी खास ग्रामसभा होती आणि सरपंच होते धनसिंग. त्यांना आपलं एक माणूस यादीत वर घ्यायचं होतं, ते भरल्या सभेत जमलं नसतं. पण सभेला पुरेशी माणसं आली नाहीत की ती तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा किती माणसं हवीत याला काही अटच नसते. गावची रीत अशी की आदल्या दिवशी दिवेलागणीला एक दवंडी आणि सभेच्या सकाळी दुसरी. धनसिंग म्हणाले होते, "बापू, सांजची राहू दे. उद्या बारा वाजता देऊन टाक. दवंडी देल्ली असं झालं, अन् कोनाले समजनारबी नाई."

सोंगणीच्या दिवसांत बारा वाजता गावात कोण असतं? बापूरावांनी डफडं वाजवलं, तिन्ही चौकांत उभं राहून रिकाम्या गावाला खणखणीत आवाजात सांगितलं की आज तीन वाजता सभा आहे, आणि रजिस्टरात सही केली. सभेला अकरा माणसं आली. आठ दिवसांनी तहकूब सभा झाली आणि यादीत सातव्या नंबरवर असलेल्या रुपाबाईचं नाव खाली गेलं. रुपाबाई विधवा, पदरात दोन लहान मुली, घर कुडाचं. पुढच्या पावसाळ्यात त्या घराची भिंत बसली आणि तिघींनी चार महिने शाळेच्या ओट्यावर काढले. घरकुल मिळायला पाच वर्षं लागली.

"तिनं मले एकडाव इचारलं होतं," बापूराव खिडकीतल्या माईकला म्हणाले. एवढं एकच वाक्य ते त्या दिवशी हळू बोलले. "म्हने, बापूभाऊ, आदल्या सांजची दवंडी देल्ली होती ना? मी हो म्हनलं."

एक गोष्ट मात्र त्यांनी निकिताला सांगितली नाही. रुपाबाईचं घर त्यांच्या घराच्या आणि कचेरीच्या बरोबर मधे होतं. रुपाबाईने विचारलं त्या दिवसानंतर ते त्या गल्लीने गेले नाहीत. तेरा वर्षं मारुतीच्या मागून वळसा घालत राहिले, गुडघे दुखायला लागले तरी.

बुधवारी त्यांचा धीर सुटला. निकिताला फोन लावून म्हणाले, "बाई, थे रुपाबाईचं कापून टाक."

"तुमी म्हनान तसं काका. दोन मिनटाचं काम हाय. कोनाले समजनारबी नाई."

बापूरावांच्या हातात फोन तसाच राहिला. हेच शब्द. धनसिंग वाईट मनाने बोलले होते आणि ही पोरगी चांगल्या मनाने बोलत होती, एवढाच काय तो फरक.

"राहू दे मंग," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर स्वतःला शिव्या घालत बसले.

आता चहा पिऊन, टोपी घालून, जे व्हायचं ते होऊ दे म्हणत ते स्टँडवरच्या हॉटेलात गेले. बाकावर धनसिंगच बसले होते. सरपंचकी जाऊन जमाना झाला, पण मिशी आणि बाक अजून त्यांचेच. बापूरावांना वाटलं, आता गचांडीच धरतात.

"या हीरो!" धनसिंग ओरडले. "बसा राजेहो! काय फोटो हाय! काय आवाज हाय!"

त्यांनी फोन पुढे केला. निकिताने भागातला एक तीस सेकंदांचा तुकडा काढून वेगळा टाकला होता. त्यात बापूराव नाल्यापलीकडची म्हैस मान कशी वर करते ते दाखवत होते. धनसिंगांनी तो गावच्या ग्रुपात टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावाची शान', पुढे सहा वेळा हात जोडलेले.

"पुरा आयकला का तुमी?" बापूरावांनी भीत भीत विचारलं.

"पुरा? दोन घंटे? येवढा टाइम कोनाले हाय बापू? मी त तीस सेकंदातच समजलो."

दुसऱ्या बाकावरचा एक जण म्हणाला, त्याने बारा मिनिटं ऐकला आणि झोप लय मस्त लागली. बाकीच्यांनी फोटो पाहिला होता. हॉटेलवाल्याने न मागता आलूबोंडा दिला.

बापूराव सुटले. तीन दिवस घशात अडकलेलं काही तरी खाली उतरलं आणि त्याच्यामागून आलूबोंडाही उतरला. कुणीच ऐकलं नव्हतं, आणि कुणी ऐकणारही नव्हतं. सांगितल्याचं पुण्य पदरात पडलं होतं आणि शिक्षा मात्र झाली नव्हती. याहून चांगलं काय असतं? ते दुपारपर्यंत तिथेच बसले, दोनदा म्हशीचा आवाज काढून दाखवला, आणि मग घरी निघाले.

मारुतीच्या मागे वळसा घेताना ते थबकले. देवळावरच्या घड्याळात बारा वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव तुरीत नि हरभऱ्यात. आणि बापूरावांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करून बसलो. एक तास एकतिसावं मिनिट म्हणजे काय? भरदुपारचे बारा. सांगून टाकलं, सही झाली, आणि ज्याच्या कानावर जायला हवं त्याच्या कानावर नाहीच. सकाळचा तो सगळा आनंद त्यांना एकदम शिळा वाटायला लागला.

ते घरी गेले नाहीत. तडक नाल्याकडे निघाले, रुपाबाईच्या वाडीत.

रुपाबाईने नाल्याकाठी अर्धा एकर बागायत धरली होती. वांगी, मेथी, कोथिंबीर, कडेला वालाचे वेल. रोज तोडायचं, जुड्या बांधायच्या, सकाळच्या जीपने रिसोडला न्यायचं. ती वाफ्यात उकिडवी बसून मेथी उपटत होती. वालाच्या बांबूला पिशवीत फोन टांगला होता आणि त्यातून बापूराव बोलत होते.

"कुत्रं भुकत असंन त थांबाचं. कुत्र्यासंग कॉम्पिटिशन नाई कराची," फोनमधले बापूराव सांगत होते.

"या बापूभाऊ," रुपाबाई मान वर न करता म्हणाली. "तुमीच बोलून राह्यले."

"किती झालं?"

"मले काय समजते? माह्या पोरीनं, वैभवीनं, कॉलेजात जाताखेपी लावून देल्ला. मंधात लाइट गेल्यावानी बंद पडला होता, मंग आपल्याच मनानं चालू झाला."

"जरा बंद कर ना. मले तुले एक सांगाचं हाय."

"हात चिखलाचे हायेत. अन् थांबा, आयकू द्या. ही पोरगी मले आवडते, मंधात तोंड नाई घालत. टीव्हीवर एक जन बोलते त चार जन भुकतात." तिने मेथीचा एक ढीग त्यांच्यापुढे सरकवला. "बसलेच हा त जुड्या बांधा."

बापूराव बसले. दर शुक्रवारी ती हे सगळं ऐकते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारण हात मातीत असतात आणि पुढे ढकलायला बोट मोकळं नसतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्ख्या गावात एकच माणूस पूर्ण भाग ऐकणारं, आणि ते नेमकं हे. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने हाताने गप्प केलं. स्वतःच्याच आवाजापुढे त्यांचा इलाज चालेना. ते सुतळीने जुड्या बांधत राहिले आणि एकही जुडी सरळ बांधली गेली नाही.

"काका, आता लोकं म्हनतात का खऱ्या बातम्या दाबतात," निकिता म्हणाली.

बापूरावांनी डोळे मिटून घेतले. फोन बोलत राहिला. सोंगणी, सांजची दवंडी, बारा वाजता, रिकामे चौक. रुपाबाईचे हात चालू होते. 'अकरा माणसं आली' म्हटल्यावर ते मंदावले. 'मी हो म्हनलं' म्हटल्यावर थांबले. मग ती उठली, चिखलाचं बोट तसंच फोनवर दाबलं आणि आवाज बंद केला. वाडीत नुसता पाटाच्या पाण्याचा आवाज उरला.

"सांजची देल्लीच नव्हती?" तिने विचारलं.

"नाई."

"दुपारचीच फक्त?"

"हो."

"थे त मी आयकली होती."

बापूरावांनी वर पाहिलं.

"वैभवीले ताप होता, म्हून घरी होती मी त्या दिवशी," रुपाबाई म्हणाली. "मले वाटलं हे सकायची दवंडी, बापूभाऊले उशीर झाला. सांजची मी आयकली नव्हती, कारन आदल्या सांजच्याले मी पोरीले घेऊन रिसोडले दवाखान्यात होती. तीन वाजता पोरीले कडेवर घेऊन आली मी सभेले. तुमी अकरा मोजले. मी दाराशी उभी होती. मले मोजलंच नाई तुमी."

तेरा वर्षं बापूरावांना अकरा आकडा पाठ होता.

"विजयमालाले मी आठ दिवस आंधीपासून सांगून ठेवलं होतं, का दवंडी झाली का सभेत माह्या बाजूनं उभी राह्यजो. तिनं सबन गल्ली आनतो म्हनलं होतं. कोनीच नाई आलं. मंग म्हने मले दवंडीच समजली नाई. मी म्हनलं, खोटारडी, म्या माह्या कानानं आयकली. तरी एकडाव मनात आलं, म्हून तुमाले इचारलं." ती थांबली. "तुमी हो म्हनले."

रुपाबाई आणि विजयमाला भिंतीला भिंत लावून राहत आणि एकमेकींशी बोलत नसत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणायचं कोंबडीवरून, कुणी म्हणायचं मोरीच्या पाण्यावरून. एके काळी दोघी नाल्यावर, वावरात, बाजारात एकत्र असायच्या. बापूरावांना आता कळलं की ते कोंबडीवरून नव्हतं. घरकुलाचं पाप त्यांना माहीत होतं. हे दुसरं आत्ताच समजत होतं आणि ते त्यांना जास्त लागलं.

रुपाबाई वाफ्याच्या कडेला खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले. बापूरावांना वाटलं रडते आहे. थोड्या वेळाने कळलं की ती हसते आहे, आणि मग कळलं की दोन्ही चाललं आहे.

"म्हंजे गाव आलं नाई असं नाई," ती म्हणाली. "गावाले मालूमच नव्हतं. बापा! तेरा वर्स मले वाटे, माह्यासाठी उठून याव असं एकालेबी नाई वाटलं. कोनाच्या दारात गेली का हेच मनात ये, का हा आला नव्हता, हे आली नव्हती. अन् त्यायले मालूमच नव्हतं!" तिने पदराने तोंड पुसलं आणि तोंडाला चिखल लागला. "किती हलकं वाटून राह्यलं मले."

बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "रुपा, मी..."

"तुमाले माफ केलं असं समजू नका," ती एकदम म्हणाली. "चार मैने शाळेच्या वट्ट्यावर काढले मी. तुमी रोज झाडाले येत अन् पाठ करून झाडत."

"नाई समजत."

"पन चाला माह्यासंग. विजयमालाले तुमीच सांगा. मी तिले खोटारडी म्हनली, आता कोन्या तोंडानं सांगू?"

"आता थे वावरात असंन. घरी कोन भेटते या टायमाले? दिवेलागनीले जाऊ."

रुपाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता बरा टाइम समजला तुमाले."

दिवेलागणीला बापूरावांनी धुतलेला सदरा घातला. खुंटीवरच्या डफड्याकडे हात गेला, पण ते तिथेच राहू दिलं. सीताबाईंना त्यांनी दुपारीच सगळं सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आता या गल्लीनंच जा." ते सरळ गल्लीने निघाले. वाटेत आपल्या ओट्यावर धनसिंग गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"कुठी बापू?"

"दवंडी द्याले. तुमी तुमच्या फोनमधी एक तास एकतीस मिनिटाले लावा. थे तुमच्यासाठी हाय."

धनसिंग हसत चष्मा शोधू लागले. बापूराव पुढे गेले. रुपाबाई पदरात मेथीच्या दोन जुड्या घेऊन तिच्या दाराशी उभी होती. ती दोन पावलं मागे राहून त्यांच्याबरोबर शेजारच्या दारापर्यंत आली. विजयमाला नुकतीच वावरातून आली होती आणि पायांवर पाणी घेत होती. तिने आधी बापूरावांना पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला. तिचं कुत्रं भुंकायला लागलं.

बापूराव थांबले. कुत्रं गप्प झालं तेव्हा त्यांनी घसा साफ केला. हळूच सांगावं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण हळू बोलण्याची गळ्याला सवय नव्हती.

"तेरा वर्सामांगं, सोंगनीच्या दिवसात, घरकुलाची सभा झाली!" गल्लीतली दारं उघडली. "तिची आदल्या सांजची दवंडी बापूराव शिपायानं देल्ली नव्हती! विजयमालाबाई खरं बोलत होत्या! रुपाबाईनं इचारलं तवा बापूराव खोटं बोलला! तेरा वर्सामांगं, सोंगनीच्या दिवसात!"

नाल्यापलीकडे कुठे तरी म्हैस ओरडली. विजयमाला ओल्या पायांनी तशीच उभी होती. बापूरावांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत तिने विचारलं, "मेथी कवळी हाय का?"

"आजचीच हाय," रुपाबाई म्हणाली.

विजयमाला आत गेली आणि सूप घेऊन आली. ते तिने उंबऱ्यासमोर ठेवलं, एका बाजूला स्वतः बसली आणि दुसऱ्या बाजूची जागा पदराने झटकली. रुपाबाईने पदरातली मेथी सुपात ओतली आणि बसली. दोघी खाली मान घालून निवडायला लागल्या. जुडी वाकडीतिकडी कुणी बांधली, एवढं विजयमालाने विचारलेलं बापूरावांना ऐकू आलं.

त्यांना कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्याच गल्लीने घरी परत निघाले. घर तीन मिनिटांत आलं. इतकं जवळ होतं, हे ते विसरूनच गेले होते.